ऑपरेटिंग सिस्टीमच्या दस्तऐवजांत संज्ञा एकसारख्या कशा ठेवाव्यात

‘डिरेक्टरी उघडा.’ पुढच्या परिच्छेदात ‘फोल्डरमध्ये जा’. प्रकरणाच्या शेवटी ‘निर्देशिकेतील सर्व फाइली हटवा’. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जागा एकच आहे. वाचणारा मात्र टर्मिनलपुढे बसलाय आणि तिसरा शब्द आला की थबकतो: ही मघाचीच जागा की दुसरी? वाक्यात ‘हटवा’ असल्यामुळे त्याचा अंदाज चुकला तर फाइली जातात. शाळेच्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुण कापले जात. ती सवय इथे मोडावी लागते.

पुढची पद्धत तीस-चाळीस पानांच्या एकहाती मार्गदर्शकालाही चालते.

१. आधी गोळा करा

संज्ञा तीन ठिकाणांहून घ्या: पडद्यावरचे मेनू आणि संदेश, आज्ञांची मॅन पाने (टर्मिनलमध्येच वाचता येणारी माहितीपाने), आणि आधी लिहिलेला मजकूर. भाषांतर पीओ फाइलींमध्ये (मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या) असेल तर ट्रान्सलेट टूलकिट या साधनसंचातले ‘पोटर्मिनॉलॉजी’ वारंवार येणाऱ्या संज्ञा काढून देते. पहिल्या यादीत ६०–८० संज्ञा पुरेत. ‘बटण’, ‘क्लिक’ यांसारखे, ज्यांवर कोणाचा वाद नाही, ते शब्द सोडून द्या. प्रत्येक संज्ञेपुढे ती जिथे आली ती दोन-तीन पूर्ण वाक्ये उतरवा. सुटा शब्द पुढच्या पायरीत उपयोगाचा नाही.

२. संकल्पना वेगळ्या करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका वस्तूला दोन नावे असली की वाचक गोंधळतो. दोन वस्तूंना एकच नाव असले की तो चुकीची कृती करतो, आणि आपण चुकतोय हे त्याला कळतही नाही.

‘रूट’ घ्या. युनिक्सच्या घराण्यात याचे निदान चार अर्थ आहेत: ज्याचा वापरकर्ता क्रमांक ० असतो तो सर्वाधिकारी वापरकर्ता, ‘/’ ही सगळ्यात वरची डिरेक्टरी, त्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी (लिनक्सवर बहुधा ‘/रूट’), आणि ‘/’ वर माउंट होणारी (जोडली जाणारी) फाइल सिस्टीम. ‘फाइल रूटमध्ये ठेवा’ हे वाक्य त्यामुळे निरुपयोगी आहे. नियम करा की ‘रूट’ एकटा कधीच येणार नाही: ‘रूट वापरकर्ता’, ‘मूळ डिरेक्टरी’, ‘रूट वापरकर्त्याची होम डिरेक्टरी’, ‘मूळ फाइल सिस्टीम’.

मराठीतला खास खड्डा म्हणजे ‘बंद करा’. विंडो बंद, सेवा बंद, सुविधा बंद, संगणक बंद. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या यंत्रणेत सेवा थांबवणे आणि सेवा अक्षम करणे ही दोन वेगळी कामे आहेत. थांबवलेली पण अक्षम न केलेली सेवा पुढच्या बूटला पुन्हा उभी राहते. फक्त अक्षम केलेली सेवा आत्ता चालूच असते. दोन्हीकडे ‘बंद करा’ लिहिले तर सेवा बंद केली असे समजून वाचक निघून जातो आणि पोर्ट उघडे राहते. म्हणून विंडो ‘बंद करा’, सेवा ‘थांबवा’, सेवा ‘अक्षम करा’, संगणक ‘शटडाउन करा’ अशी वाटणी ठरवा. तसेच फाइल ‘हटवा’, पॅकेज ‘काढून टाका’, डिस्क ‘पुसा’.

‘फाइलनाव’ आणि ‘पाथनाव’ हेही एक नव्हे. फाइलनाव हा मार्गाचा एक तुकडा. पाथनाव म्हणजे तिरप्या रेघांसकट सगळा मार्ग. लिनक्सवर नेहमीच्या फाइल सिस्टीमांमध्ये फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे, तर एका सिस्टीम कॉलला द्यायच्या पाथनावाची शेवटच्या शून्य बाइटसह ४०९६. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत ३ बाइट्स घेते आणि मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे फाइलनावात ८५ चिन्हे मावतात. ‘नावाची मर्यादा’ असे मोघम लिहिले की यातली कोणती मर्यादा, ते कळत नाही.

एककांचेही तेच. १ टेराबाइट म्हणून विकलेली डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवते, कारण ते १०२४ च्या पटीत मोजते. मॅकची प्रणाली १०.६ पासून १००० च्या पटीत मोजते. १०२४ च्या पटींसाठी किबिबाइट, मेबिबाइट ही नावे आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेने १९९८ मध्ये ठरवली. दस्तऐवजात कोणती पट्टी आहे ते एकदा लिहा आणि तीच पाळा. मात्र पडद्यावरचा आकडा उद्धृत करताना तो जसा दिसतो तसाच द्या.

आणि जे खरोखर प्रणालीनुसार बदलते ते जबरदस्तीने एक करू नका. फ्रीबीएसडीत एमबीआर या जुन्या डिस्क-विभागणी पद्धतीतल्या विभागाला ‘स्लाइस’ म्हणतात आणि ‘पार्टिशन’ त्याच्या आत असते. लिनक्सवाला त्या बाहेरच्यालाच पार्टिशन म्हणतो. संज्ञांच्या कोशात (पायरी ४) दोन नोंदी करा आणि प्रत्येकीपुढे प्रणालीचे नाव लिहा.

३. शब्द निवडा

क्रम असा: पडद्यावर दिसतो तो शब्द, तो नसेल तर वापरणारे बोलतात तो, दोन्ही नसतील तेव्हाच नवा घडवा. ‘संचिका’ हा घडीव आणि चांगला शब्द आहे, पण मेनूत ‘फाइल’ असेल तर वाचक ‘संचिका’ शोधत बसेल. आधी मेनू बदला, मग दस्तऐवज. आज्ञा, त्यांचे पर्याय, पाथ आणि कॉन्फिगरेशनमधल्या किल्ल्या यांचे भाषांतर नाही, लिप्यंतरही नाही. वाचक जे टंकणार तेच छापा.

मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. नाहीतर ‘डिरेक्टरी की निर्देशिका’ यावर महिना जातो.

४. कोश लिहा

साधी टॅबने विभागलेली यूटीएफ-८ फाइल, मजकुराच्याच रिपॉझिटरीत (आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात). रकाने: संकल्पना, एका वाक्याची व्याख्या, मान्य शब्द, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप, टाळायचे शब्द, अपवाद.

लिंगाचा रकाना अनेक जण गाळतात आणि मग ‘पार्टिशन तयार झाले’ व ‘पार्टिशन तयार झाली’ एकाच पानावर येतात. ‘फाइल’चे ‘फाइलमध्ये’ की ‘फाइलीमध्ये’, अनेकवचन ‘फाइल्स’ की ‘फाइली’, हेही इथेच ठरवा. सर्वांत कामाचा रकाना टाळायच्या शब्दांचा, कारण यंत्राची तपासणी त्याच्यावरच चालते.

५. लेखन आणि सांकेतिक चिन्हे

फाइल/फाईल, सिस्टीम/सिस्टम यांतले एक निवडा. हे डोळ्यांना दिसते, म्हणून सोपे आहे. न दिसणारे त्रास देते. ‘ॲप’मधला ॲ दोन प्रकारे लिहिला जातो (‘यू+’ नंतर चिन्हाचा युनिकोड क्रमांक): यू+०९७२ हे एक चिन्ह, किंवा यू+०९०५ वर यू+०९४५. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक सापडते तेव्हा दुसरे सुटते. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची रीत) ते एक होत नाहीत, कारण यू+०९७२ चे अधिकृत विघटनच नाही. ‘वापरणाऱ्या’मधला अर्धा ऱ असाच दोन रीतींनी येतो: यू+०९३१ वापरून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. प्रत्येकी एक रूप ठरवा आणि फाइल साठवण्याआधी बदलून देणारी छोटी स्क्रिप्ट लावा.

६. यंत्राकडून तपासा

‘वेल’ हा मुक्त-स्रोत गद्य-तपासनीस यासाठी बरा आहे. त्याच्या यामल स्वरूपात लिहिलेल्या नियमात टाळायचा शब्द आणि त्याच्या जागी घ्यायचा शब्द अशी जोडी देता येते. मराठीत अडचण दोन ठिकाणी येते. विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे ‘निर्देशिका’ असा नियम ‘निर्देशिकेतील’ पकडत नाही. सामान्यरूपासाठी वेगळी ओळ द्या. शिवाय शब्दाच्या सीमा ओळखणारे नियमित सूत्र (रेग्युलर एक्स्प्रेशन) देवनागरीत नेहमी बरोबर चालेलच असे नाही. ‘नॉनवर्ड’ हा पर्याय सुरू केला की सीमेची अट निघते. मग उलटा त्रास होतो: ‘रूट’ शोधणारा नियम ‘रूटीन’वरही बोट ठेवतो. असे शब्द अपवादांत घाला.

सुरुवातीला सगळे नियम ‘वॉर्निंग’ पातळीवर ठेवा. पहिल्याच दिवशी ‘एरर’ केलेत तर शेकडो तक्रारी येतील आणि लोक तपासणीच बंद करतील. एखाद्या नियमाचे जुने दोष शून्यावर आले की त्यालाच तेवढे वर चढवा.

७. संज्ञा बदलताना

सगळीकडे एकदम शोधा-बदला करू नका. उद्धृत केलेले त्रुटीसंदेश, कोडचे नमुने आणि दुव्यांचे अँकर (पानातल्या ज्या जागी दुवा पोहोचतो ती खूण) त्यात मोडतात. जुन्या आवृत्तीच्या पानांवर त्या आवृत्तीच्या पडद्यावर दिसणारा शब्दच राहू द्या. शीर्षक बदलले तरी जुना अँकर जिवंत ठेवा.

लिनक्स कर्नलने २०२० मध्ये ‘मास्टर/स्लेव्ह’ आणि ‘ब्लॅकलिस्ट/व्हाइटलिस्ट’ बाबत घेतलेली भूमिका इथे नमुना म्हणून चांगली आहे: नव्या वापरात हे शब्द टाळा, पण आधीपासून असलेला वापरकर्त्यांसमोरचा इंटरफेस, किंवा ती नावे मागणारे हार्डवेअरचे अथवा प्रोटोकॉलचे विनिर्देश सांभाळायचे असतील तर चालतील. म्हणजे मजकुरात नवा शब्द लिहायचा आणि कॉन्फिगरेशनची किल्ली जुनीच राहिली तर ती जशीच्या तशी छापायची. कोशात नव्या शब्दाच्या नोंदीत ‘पूर्वी:’ असे लिहून जुना शब्द ठेवा. जुन्या संदेशावरून शोधत आलेला वाचक त्याच वाटेने येतो.