पैशांचे खेळ घेताना या चुका टाळा

परळच्या एका चाळीत, बचत गटाच्या बैठकीत आम्ही पहिल्यांदा पैशांची सापशिडी मांडली. ‘उगाच साडी घेतली’ या घरात साप होता, ‘रोज दहा रुपये बाजूला टाकले’ इथे शिडी. बायका मनापासून खेळल्या. निघताना एक ताई हळूच म्हणाल्या, “बाजूला टाकते हो मी, पण डबा कुठे ठेवलाय ते त्यांना बरोबर कळतं.”

आम्ही साप चुकीच्या घरात काढला होता. हीच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. खेळ बाईला काटकसर शिकवत राहतो आणि तिचा पैसा हिसकावणारा माणूस पटावर दिसतच नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ही हिंसाच मानली आहे: घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं किंवा विकणं, राहत्या घरात वावरू न देणं. म्हणून आता साप असतात ‘पगाराचं कार्ड नवऱ्याच्या खिशात’ आणि ‘मंगळसूत्र न विचारता गहाण’ या घरांत. एक साप तर बायकांनीच सुचवला: खातं तिच्या नावावर, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा. लाडकी बहीणचे 1500 रुपये जमा झाल्याचा मेसेज मग त्यालाच येतो, ओटीपीही त्यालाच. त्यावरची शिडी साधी आहे, बँकेत जाऊन नंबर बदलून घेणं.

गोलात बसवून “तुमच्या घरी असं होतं का?” असं कधीही विचारू नका. शेजारी जाऊबाई बसलेली असते, आणि चाळीत भिंतीलाही कान असतात. एक काल्पनिक सुनंदाताई उभी करा, तिच्याबद्दल सगळ्या भरभरून बोलतात. खरी पासबुकं, खरे पिन खेळात आणू नका. पत्रक घरी देतानाही जपून. पर्स तपासली जात असेल, तर तेच पत्रक तिच्या अंगाशी येतं.

व्यापार या खेळाचा पट जसाच्या तसा वापरणं ही आणखी एक गफलत. त्यात समोरच्याला कफल्लक करणारा जिंकतो. ज्या जुन्या खेळातून व्यापार घडत गेला, त्याचं पेटंट लिझी मॅगी या अमेरिकन बाईने 1904 मध्ये घेतलं, तेही जमीनमालक भाड्यावर कसे गबर होतात ते दाखवण्यासाठी. आपल्या पटावर जिंकणं म्हणजे निर्णय स्वतः घेता येणं.

सहीचा खेळ मात्र नक्की घ्या, आणि घाईने उरकू नका. एकीने नवरा किंवा दीर व्हायचं, हातात कोरा फॉर्म: “इथे सही कर, वाचायचं काय त्यात?” दुसरीने सही टाळायची. पहिल्या फेरीत बहुतेकजणी सही करून मोकळ्या होतात, हसतात आणि मग एकदम गप्प होतात. तिथे लगेच भाषण सुरू करू नका, फेरी पुन्हा खेळा. “उद्या वाचून देते”, “बँकेतल्या बाईंना विचारते” अशी उत्तरं त्यांना आपोआप सुचायला लागतात. मग सांगा की जामीन राहिलात, तर करारात वेगळं ठरलं नसल्यास कर्जदाराइतकीच जबाबदारी तुमच्यावर येते. पण जिला नकार दिल्यावर मार बसेल, तिला घरी जाऊन नकार द्यायला लावू नका. तिची सुरक्षितता आधी.

सासूबाई येऊन बसल्या तर उठवू नका, त्यांना बँक मॅनेजर करा. कुणी रडलं तर फासे थांबवा.

आणि पुढची वाट माहीत नसताना खेळ सुरूच करू नका. 181 ही महिला हेल्पलाइन पाठ असू द्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर 1984 मध्ये सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, जवळचा कुठे ते आधी पाहून ठेवा. बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

खेळ संपला की पट आवरायला मुद्दाम वेळ लावा. जिला बोलायचं असतं, ती सोंगट्या गोळा करायला मागे थांबते.