प्राणी काळा झाला म्हणजे सिल्हूट झालं असं नाही

"सिल्हूट काढलंय, बघ ना," म्हणून कुणी मोबाइल पुढे केला की आताशा मी आधी एक खोल श्वास घेतो. सिल्हूट म्हणजे उजळ पार्श्वभूमीवर नुसता काळा, पण ओळखू येणारा आकार. त्या मोबाइलवर मात्र मागे सुरेख केशरी आकाश असतं आणि पुढे डांबराचा गोळा. गोळ्याला पाय असावेत असा संशय येतो, पण किती ते सांगता येत नाही. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की एकदा लिहूनच टाकतो.

एकमेकांत घुसलेले आकार

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः मन लावून केली आहे. एका संध्याकाळी टेकाडाच्या कडेवर पाच हरणं रांगेत उभी होती आणि बरोबर मागे सूर्य टेकत होता. मी बटणावरचं बोट काढलंच नाही. दोनशेच्या वर फ्रेम झाल्या. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी मोठ्या पडद्यावर उघडलं आणि शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मामा, केवढा मोठा खेकडा!" तिचं काही चुकलं नव्हतं. पाच हरणांचं मिळून एकच धड झालं होतं, त्याला अकरा पाय होते आणि एका पाठीतून दुसऱ्याचं शिंग उगवलं होतं. दोनशे फ्रेममध्ये एकही वापरण्याजोगी नव्हती.

डोळ्यांनी बघताना आपल्याला रंग दिसतो, खोली दिसते, हे पुढचं आणि ते मागचं हे कळतं. सिल्हूटमध्ये ते सगळं जातं, उरते फक्त कड. म्हणून दोन प्राण्यांच्या मध्ये, पायापायांत, मान आणि पाठ यांच्या मध्ये उजेडाची फट हवी. फट नसेल तर मी बटण दाबत नाही. माझी सवय अशी: कॅमेरा बाजूला ठेवायचा, सूर्याकडे पाठ नसली तरी नजर त्याच्यापासून जरा बाजूला ठेवायची आणि डोळे किलकिले करून प्राण्याकडे बघायचं. तपशील पुसले जातात, नुसता आकार राहतो. तो आकार ओळखू आला तरच पुढचं. पाच हरणं एका वेळी नीट सुटी होतील ही आशा मी कधीच सोडली. कडेचं एकटं हरीण मान वर करेपर्यंत थांबणं त्यापेक्षा सोपं.

प्राणी तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तरी फोटो वाया. सिल्हूट हा शब्दच आला एत्येन द सिलुएत या १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री असलेल्या माणसाच्या नावावरून. त्या काळी काळा कागद कापून स्वस्तात माणसाचं चित्र करून देत, आणि बहुतेक चित्रं बाजूनेच कापलेली असत. समोरून कापलं तर नाक जातं, हनुवटी जाते, उरतो गोटा. हत्तीची सोंड, बगळ्याची चोच, हरणाचं शिंग यांचंही तेच.

आणखी जवळ जाण्याची घाई

सूर्यबिंबासमोर पक्षी हवा असतो आणि मंडळी एकेक पाऊल पुढे सरकत राहतात. पक्षी उडून जातो हा त्रास वेगळाच, पण गणितही उलटं आहे. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. एक मीटर उंचीचा पक्षी सुमारे ११५ मीटरवर असेल तेव्हा तो बिंबाएवढा दिसतो. तुम्ही जवळ गेलात की पक्षी वाढतो, सूर्य आहे तेवढाच राहतो, म्हणजे त्याच्या मानाने लहान होतो. मोठा सूर्य हवा असेल तर मागे जा आणि लांब लेन्स लावा. ५० मिमीच्या लेन्सने सूर्य कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पडतो, ६०० मिमीने साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. आणि बिंब स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला फक्त दोन मिनिटं घेतं, तेव्हा जागा आधीच ठरवून ठेवा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (लेन्समधून थेट उजेड डोळ्यात येतो त्या खिडकीतून) मात्र त्याच्याकडे बघू नका. डोळा एकदा गेला की गेला.

मान वर करावी म्हणून खडा मारणारे, शीळ घालणारेही पाहिलेत. त्यांच्या शेजारी मी बसत नाही.

धड ना सिल्हूट, धड ना साधा फोटो

कॅमेरा बिचारा गडद प्राणी उजळायला धडपडतो, मग आकाश पांढरं फटक पडतं आणि प्राणी राखाडी. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त एका ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजून, सूर्याशेजारचं आकाश मोजा, एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा, गरज वाटली तर एखादा स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा, आणखी खाली. हायलाइटची उघडझाप (फार उजळ भाग स्क्रीनवर लुकलुकतात ती) फक्त बिंबावर दिसली तर चालेल. मी हे मॅन्युअलवर, आयएसओही (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) हाताने ठरवून करतो, कारण सूर्यापुढून ढग गेला की ऑटो आयएसओ स्वतःचं डोकं चालवतो. यापेक्षा मोठा गुन्हा घरी घडतो: एडिटिंगमध्ये काळे भाग उजळणारा शॅडोचा स्लायडर उजवीकडे ओढून प्राण्याचे केस शोधायचे. केस दाखवायचे होते तर उजेडाच्या बाजूला का नाही बसलात?

सावली अर्धी कापणं

सूर्य ४५ अंशांवर असताना सपाट जमिनीवर सावली प्राण्याच्या उंचीएवढी असते. १० अंशांवर ती साडेपाच पटींच्या वर जाते, ५ अंशांवर अकरा पटींच्या. तरी लोक प्राण्याला मधोमध बसवतात आणि सावलीची मान फ्रेमबाहेर. सावली हाच विषय असेल तर जागा तिला द्या, प्राणी कोपऱ्यात गेला तरी चालेल. दुसरं, सिल्हूटसाठी जमिनीवर लोळायचं असतं, म्हणजे पाय क्षितिजाच्या वर सुटतात. सावलीसाठी मात्र उंचावर चढायचं. जमिनीलगत बसलात तर सावली चेपून एक काळी रेघ होते. छायाचित्रकार जॉर्ज स्टाइनमेट्झ यांचा वाळवंटातला, आकाशातून घेतलेला उंटांचा फोटो शोधून बघा. काळे उंट म्हणून आपण ज्यांच्याकडे बघत राहतो त्या सावल्या आहेत, खरे उंट पायाशी बारीक रेघांसारखे दिसतात.

किरकोळ, पण रोजचं

सूर्याकडे लेन्स असताना पुढचा फिल्टर काढा, भुतासारखे ठिपके कमी होतील. फोकस आकाशावर नको, प्राण्याच्या कडेवर धरा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवाल तर केशरी रंग धुतला जाईल. एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, स्वच्छ आकाशात सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण दिसतो.

सूर्य बुडाला की लगेच ट्रायपॉड गुंडाळणारे तर किती! तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशात निळा-जांभळा उजेड पुरेसा असतो. आयएसओ वाढवावा लागतो, फोटोत दाणे येतात, येऊ देत. गर्दी पांगलेली असते, बडबड थांबलेली असते, आणि नेमकी तेव्हाच वटवाघळं बाहेर पडतात.