एल निनोची बातमी वाचताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आटपाडीत चहाच्या गाड्यावर एकच विषय: "यंदा एल निनो हाय म्हणं." एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा तापणं; तसं झालं की आपल्याकडे पाऊस घटेल ही धास्ती. तेवढ्या बातमीवर कुणी बियाणं आणायचं थांबतं, कुणी शेळ्या बाजारात काढतं. सगळ्यांनी एकदम काढल्या की भाव पडतो, आणि पुढं पाऊस झाला तरी ते नुकसान भरून येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे 'एल निनो म्हणजे दुष्काळ' हे समीकरण. 1997 चा एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात मान्सून सरासरी गाठून गेला. 2002 चा त्याहून बराच सौम्य, पण पाऊस सरासरीच्या 81 टक्केच. एल निनोनं तुटीची शक्यता वाढते, तूट ठरत नाही.

दुसरी चूक, नुसतं समुद्राचं तापमान बघणं. एरवी पॅसिफिकवरचे व्यापारी वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटत असतात आणि पेरूच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं. वारे मंदावले की कोमट पाणी पूर्वेला सरकतं, ढगही तिकडे जातात, त्यानं वारे आणखी ढिले पडतात. पाणी आणि वारा असे एकमेकांना साथ देतात तेव्हाच एल निनो जोर धरतो. मार्च-एप्रिलच्या सुमारास ही साथ कच्ची असते, म्हणून तेव्हाचा अंदाजही कच्चा. आणि आपण शेळ्या विकतो त्या नेमक्या एप्रिलात!

हिंदी महासागर तर बातमीत बहुतेक वेळा नसतोच. 2019 च्या उन्हाळ्यात सौम्य एल निनो होता, जूनमध्ये देशात पाऊस जवळपास एक तृतीयांश कमी पडला. मग हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली, पूर्व बाजू गार झाली आणि हंगाम सरासरीच्या 110 टक्क्यांवर संपला. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पण तो पूर त्या एका कारणाच्या माथी मारू नका. त्याला घाटमाथ्यावरचा सलग पाऊस आणि धरणांचा विसर्गही होता.

देशाची सरासरी तालुक्याला लावू नका. एकाच सातारा जिल्ह्यात धो-धो पावसाचं महाबळेश्वर आणि दुष्काळी म्हसवड आहेत.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, हा कृषी खात्याचा सल्ला धरा. तरीही तिफण काढण्याआधी खुरप्यानं वीतभर उकरा. खाली माती कोरडी लागली तर थांबा.