एका उपग्रहात कॅमेरा आणि रडार: आराखडा वावरापासून सुरू करा

पुसदकडे झड लागली की कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही. पऱ्हाटीत पाणी तुंबतं ते नेमकं तेव्हाच, आणि वरच्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. रडारची लहर मात्र ढगांतून आरपार जाते. म्हणून मी बारावीच्या पोरांकडून कॅमेरा आणि रडार असे दोन्ही डोळे असलेल्या उपग्रहाचा आराखडा कागदावर काढून घेते.

पहिल्यांदा वावर मोजा. दोन एकराचं चौकोनी वावर म्हणजे साधारण 90 बाय 90 मीटर. 10 मीटरच्या पिक्सेलचे त्यात 81 ठिपके बसतात. धुऱ्यावरचे मिसळलेले सोडले तरी 49 उरतात, आणि पीक ओळखायला ते पुरतात. पोरं अर्ध्या मीटरचा हट्ट धरतात. त्यानं दुर्बीण मोठी होते, एका फेरीत दिसणारा जमिनीचा पट्टा अरुंद होतो आणि उपग्रह त्याच वावरावर उशिरा येतो. हा हट्ट मी चालू देत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. रडार अंतर मोजतं ते लहर परत यायला लागलेल्या वेळेवरून. सरळ खाली पाहिलं तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या वावराची लहर एकाच क्षणी परत येते, दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून रडार तिरपंच लावावं लागतं. एकाच वेळी तेच वावर हवं, तर कॅमेराही त्याच बाजूला कलवा. पण मग आमच्या टेकड्या आडव्या येतात. उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या कोनात पाहिलं तर 100 मीटर उंच टेकडीचा माथा कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे 70 मीटर पलीकडे सरकतो, रडारच्या चित्रात सुमारे 143 मीटर उपग्रहाकडे. म्हणजे दोन वावरांहून जास्त फरक! जमिनीच्या उंचीचा नकाशा वापरून दोन्ही चित्रं दुरुस्त केल्याशिवाय एकावर एक ठेवू नका.

उपग्रह वावरावरून जाण्याची वेळ सकाळी साडेदहाची धरा. रडारला उजेड लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. पहाट-संध्याकाळच्या कक्षेत, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरताना, सौरपट्ट्यांवर जवळजवळ सतत ऊन असतं, ते इथे गमावतो. दर फेरीत अर्धा तास सावली, म्हणून बॅटरी मोठी घ्या.

लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटरची, सी-बँडची, घ्या. 24 सेंटिमीटरची एल-बँड लहर पानांतून जास्त खोल जाते, पण तिला अँटेना मोठा लागतो. 30 जुलै 2025 ला उडालेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाचा परावर्तक, म्हणजे अँटेनाची जाळी, 12 मीटरचा आहे.

कागद मिटण्याआधी सेंटिनेल-1 (रडार) आणि सेंटिनेल-2 (कॅमेरा) या युरोपच्या उपग्रहांची आपल्याच वावराची जुलैतली चित्रं काढा. दोन्ही फुकट मिळतात. शेजारी ठेवा आणि धुरा जुळतो का बघा.