परफॉर्मन्स ट्रकचं इंजिन बसलं, बांधायचं की बदलायचं?

इंजिन खडखडायला लागलं की त्याच रात्री आपण मोबाईलवर दुसऱ्या इंजिनांचे भाव बघत बसतो, पण खरं तर तेव्हा एवढंच बघायचं असतं की जुनं इंजिन नेमकं कशानं गेलं. ते कळल्याशिवाय बदलायचं की बांधायचं (म्हणजे तेच इंजिन उघडून, दुरुस्त करून, नवे भाग घालून परत जोडायचं) हे ठरवूच नका, कारण ज्या कारणानं पहिलं गेलं तेच कारण दुसरंही खाणार.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. ट्रकमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटला की थंड इंजिनवर टकटक येते आणि गरम झालं की कमी होते, लोक त्याला लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा भाग, गेला समजून इंजिन उतरवायला निघतात. शेवरलेच्या ५.३ आणि ६.० लिटरमध्ये ऑइल पंपाच्या पिकअप ट्यूबची रबरी ओ-रिंग फाटली तर पंप हवा ओढतो आणि ऑइलचं प्रेशर पडतं, बेअरिंग गेलं असं वाटतं पण असतं एक रबर. म्हणून डॅशच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून तिथं मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ढोबळ हिशोब अजून उपयोगी पडतो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते गेजवर बघायचं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, फ्युएल आणि इग्निशन बंद, बॅटरी फुल्ल, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच झटके. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं, सगळ्यात कमीवाला सगळ्यात जास्तवाल्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर तिथं गडबड आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमधली हवा कुठून गळते ते दाखवणारा) मिळाला तर अजून उत्तम, सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा: थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा क्रॅक.

आणि फिल्टर कापा. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. जुना ऑइल फिल्टर कटरनं कापायचा, करवत नको कारण तिचाच किस आत पडतो, मग आतला कागद सोडवून पिळून काढायचा आणि पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरायचा. एखाददुसरा बारीक ठिपका चालतो. पण घड्याघड्यांत चमकी दिसली तर चुंबक फिरवा, चिकटली तर लोखंड-स्टील, म्हणजे कॅम, लिफ्टर, रिंगा असलं काहीतरी. चुंबकाला दाद देत नाही आणि रंग तांबूस किंवा राखाडी-चंदेरी आहे तर बहुतेक बेअरिंग. पहिल्यांदा ती तांबूस चमकी बोटावर आली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता.

आता निर्णय. ब्लॉक आणि क्रँक वाचण्यासारखे असतील, आणि तुम्हाला मूळ इंजिनपेक्षा जास्त ताकद हवी असेल, तर माझं मत बांधण्याच्या बाजूनं. नाहीतरी सुपरचार्जर किंवा टर्बोचं प्रेशर वाढवायचं असेल तर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन-रॉड लागणारच, मग आयतं इंजिन आणून ते परत उघडायचं कशाला. बांधणाऱ्याला काम देताना विचारा की बोअर-होनिंग (सिलिंडर कातून-घासून नीट करणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बोल्टनं आवळायची जाड प्लेट, लावून करणार का, ब्लॉकची क्रॅक तपासणी होणार का, आणि रिंग गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, कितीचा ठेवणार. ४ इंच बोअरच्या साध्या इंजिनला साधारण १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) गॅप चालतो, टर्बो-सुपरचार्जरवाल्याला २४ च्या आसपास लागतो, कारण गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनचा वरचा भाग तुटून येतो. पक्का आकडा पिस्टनवाल्याच्या कागदावर असतो, तोच धरायचा. या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे इंजिन देऊ नका.

रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, किंवा गाडी रोजच्या कामाची आहे आणि मशीन शॉपच्या रांगेत महिने घालवता येणार नाहीत, तर तेच इंजिन दुसरं आणून बसवा. वापरलेलं आणलं तर स्टँडवर असतानाच मागचं मेन सील, ऑइल पॅनचं गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंग चेन बदलून घ्या, गाडीत गेल्यावर हेच काम तिप्पट होतं.

वेगळ्याच जातीचं इंजिन टाकायचं असेल तर मात्र इंजिनाचा भाव विसरा, खर्च त्याच्या आजूबाजूला असतो: माउंटिंग, ऑइल पॅन क्रॉसमेंबरला लागतं का, बेलहाउसिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, फ्युएल पंप, हेडर (एक्झॉस्टचे पाइप), वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), आणि मीटर चालू करणं. वायरिंगमध्येच अर्धे प्रोजेक्ट अडकून पडतात. नोंदणी आणि धुराच्या चाचणीचे नियमही आधीच विचारून घ्या. फोर्डच्या दुसऱ्या पिढीच्या लाइटनिंग या परफॉर्मन्स पिकअपचंच बघा, २००१ पासून तिचं सुपरचार्ज्ड ५.४ म्हणजे ३८० हॉर्सपॉवर आणि ४५० पाउंड-फूट टॉर्क. हे इंजिन फोर्डच्या टू-व्हॉल्व्ह ट्रायटन घराण्यातलं, आणि त्या काळच्या ट्रायटनच्या हेडला प्लगचे आटे कमी, त्यामुळे प्लग उडून बाहेर येतो म्हणून लोक वैतागतात आणि फोर्डचंच नवं कोयोटी ५.० इंजिन टाकायचं म्हणतात. २०११ च्या मस्टँगमधलं कोयोटी सुपरचार्जरशिवाय ४१२ हॉर्सपॉवर देतं, पण टॉर्क ३९०. जड ट्रक सिग्नलवरून उचलायला किंवा ट्रेलर ओढायला खालचा टॉर्कच लागतो, आणि आटे तर इन्सर्ट टाकून दुरुस्त होतात. अशा ठिकाणी मी तरी इंजिन बदलणार नाही.

काहीही ठरवा, पण बेअरिंग गेलेल्या गाडीचा ऑइल कूलर आणि त्याचे पाइप नवीनच घाला. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजनं माझा जुना कूलर धुऊन परत लावला होता, आत अडकलेला किस नव्या इंजिनात गेला आणि थोड्याच दिवसांत तीच तांबूस चमकी परत फिल्टरमध्ये. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरलाही हाच नियम.

आणि दुसरं इंजिन घातलंच तर जुना मूळ ब्लॉक लगेच देऊन टाकू नका. लाइटनिंग किंवा १९९१ ची जीएमसी सायक्लोन (टर्बोवाली पिकअप) असल्या गाडीला मूळ इंजिन सोबत असणं पुढच्या घेणाऱ्याला फार मोलाचं वाटतं. बोअरला ऑइल चोपडा, सगळी भोकं बंद करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा.