शंका आली की वाक्य मोठ्याने वाचा

कथा चार पानं होते आणि मन म्हणतं, ‘हे कोण वाचणार?’ मीही तिथेच बरेच महिने अडले होते. उपयोगी पडलं ते एवढंच: लिहायचा दिवस वेगळा, तपासायचा वेगळा. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून १०० पानी वही घ्या, पेनने लिहा, मागचं पान उलटू नका. खोडायचं नाही. कथा संपली की वही १५ दिवस कपाटात.

मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथेच खूण करा. माझ्या वहीत होतं, ‘तिच्या नेत्रांतून अश्रू ओघळू लागले.’ आमच्या सदाशिव पेठेत असं कोण बोलतं? बदललं: ‘तिने पदराने डोळे पुसले आणि कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद केला.’ बाई एकदम जिवंत झाली. ‘मला लिहिताच येत नाही’ या शंकेचं काही करता येत नाही हो. ‘हे वाक्य खोटं वाटतंय’ म्हटलं की हाताला काम मिळतं.

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर पाऊस सुरू होतानाच वही उघडा. बरेच संपादक गणपतीच्या आधीच कथा मागवतात.