सरकारी कार्यालयाची कामगिरी मोजताय? या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका. रेघ आधीच ठरलेली. पाणी चढलं म्हणून ती कुणी वर सरकवत नाही. कारभार मोजताना मात्र रेघच सरकते.

सगळ्यात जास्त सरकते ‘निकाली’च्या रकान्यात. त्रुटी काढून दाखल्याचा अर्ज परत पाठवला, की कागदोपत्री तो निकाली. माणूस पुन्हा सेतूच्या रांगेत, नवा अर्ज, नवा क्रमांक, आणि दिवस पुन्हा एकपासून सुरू. प्रलंबित शून्य! त्यामुळे मंजूर, नामंजूर आणि त्रुटीसाठी परत हे तीन रकाने वेगळे ठेवा. त्याच माणसाचे त्याच सेवेचे अर्ज जोडा आणि पहिल्या अर्जापासून दाखला हातात पडेपर्यंतचे दिवस मोजा. एकाच टेबलावरून अर्ज सारखे परत जात असतील तर कारकुनाला धारेवर धरण्याआधी बाहेर लावलेली कागदांची यादी पुरी आहे का, ते बघा.

सरासरीवर विसंबू नका. समजा, नऊ दाखले दोन दिवसांत दिले आणि दहावा नव्वद दिवस रखडला. सरासरी येते 10.8 दिवस, आणि तसा अनुभव दहापैकी एकालाही आलेला नसतो. त्यापेक्षा मुदतीत किती दिले ते सांगा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेलीच आहे, हयगय झाली तर 500 ते 5,000 रुपये दंडही आहे. अपिलं कमी म्हणजे लोक खूश, असं मात्र धरू नका. अपील करता येतं हे किती जणांना ठाऊक असतं?

कमी वस्तीचा गगनबावडा आणि दाट वस्तीचा हातकणंगले या तालुक्यांची तुलना नुसत्या अर्जसंख्येवर करणं तर हास्यास्पदच. राज्यांच्या क्रमवारीतही तेच. केंद्राच्या सुशासन निर्देशांकात 2019 ला 50 निर्देशक होते, 2021 ला 58. मोजपट्टीच बदलल्यावर राज्य ‘वर गेलं’ की ‘घसरलं’, हे सांगायचं तर दोन्ही वर्षांतले समान निर्देशक तेवढे घ्या.

आकडा फारच देखणा दिसला तर कायद्याशी ताडून बघा. नोंदणीकृत खरेदीखताच्या फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या मालकाच्या नावबदलावर, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते. एखाद्या सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, असे फेरफार आठ दिवसांत मंजूर दिसले, तर अभिनंदनाचं पत्र थांबवा आणि नोटिशीच्या तारखा मागवा.